पायात जातं ते सोबत, पायाखाली जातं ते तिथे

ताई, नमस्कार.

आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मार्चमध्ये मुलांच्या स्प्रिंग ब्रेकला आम्ही पाच जण कोलोरॅडोच्या डोंगरात, ब्रेकेनरिजला स्की करायला चाललोय: मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. डेन्व्हरपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी, पाच रात्री मुक्काम. नवरा इथे अमेरिकेत शिकायला होता तेव्हा तीन हिवाळे स्की करायचा. मी आयुष्यात एकदाच केलंय, मुलांनी कधीच नाही. पण ह्यांनी थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये चौघांच्या स्की, बूट, पोल (हातात धरायच्या काठ्या), हेल्मेट असं सगळं ऑनलाइन मागवून ठेवलंय. गराजमध्ये गाडी लावायला जागा उरली नाही. मी म्हटलं, एवढं लटांबर विमानातून न्यायचं कसं? तर म्हणे, सगळे नेतात. यावरून आमच्यात दोन दिवस अबोला झाला. त्यात सासूबाई म्हणतात, बर्फ असो नाहीतर आणखी काही, मी साडी सोडणार नाही. न्यायचं काय, ठेवायचं काय आणि भरायचं कसं, तुम्हीच सांगा.

– बॅगांखाली दबलेली

ता. क. सासूबाई विचारतायत, विमानात कुकर चालतो का?

* * *

दबलेल्या मैत्रिणी,

तू ताई म्हणालीस, तेव्हा मी सरळ एकेरीवर येते. तुझा नवरा म्हणतो ते खोटं नाही. मार्चमध्ये डेन्व्हरला उतरलीस की दिसेलच, आपल्या उंचीहून लांब बॅगा ओढत माणसं चाललेली असतात. फक्त त्यांतली बरीचशी हिवाळाभर डोंगरावर पडीक असणारी असतात. तुम्ही चार दिवस स्की करणार, त्यात दोन मुलं पहिल्यांदाच बर्फावर उभी राहणार, आणि तुझंही जवळजवळ तेच. तुमचं गणित वेगळं.

आमच्या घरात याचा एक नियम आहे: पायात जातं ते सोबत न्यायचं, पायाखाली जातं ते तिथे भाड्याने घ्यायचं. म्हणजे बूट आपले, स्की दुकानाच्या. हा नियम मी शहाणपणाने केला नाही, फटका खाऊन केला. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही शिकागोहून सॉल्ट लेक सिटीला गेलो होतो. स्कीची बॅग आणि बुटांची बॅग, दोन्ही चेक-इन केल्या. स्की आल्या, बूट आले नाहीत. दोन दिवस ती बॅग कुठे फिरत होती देव जाणे. माझ्या नवऱ्याचे पाय रुंद, आणि चार हिवाळे वापरून ते बूट त्याच्या पावलाला जुळलेले. भाड्याच्या बुटांत त्याने दोन दिवस काढले, तेवढ्यात उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. जूनमध्ये गळून पडलं. स्की परक्या असल्या तर माणूस तासाभरात रुळतो. बूट परका असला की दिवसभर डोंगर बाजूला राहतो आणि लक्ष अंगठ्यात.

तेव्हापासून आमचे बूट विमानात आमच्याबरोबर, खांद्यावर. सुरक्षा तपासणीत त्यांना हरकत नसते. पोल मात्र केबिनमध्ये चालत नाहीत, ते चेक-इनमध्येच.

तुमच्या बाबतीत एक मेख आहे. तुमचे बूट खोक्यातून आलेत. कुणी घालून बघितले का? नुसते पायात सरकवून ‘हो, होतात’ म्हणणं म्हणजे घालून बघणं नव्हे. आज रात्री जेवणं झाली की हे करा. बुटाच्या आतला मऊ भाग, लायनर, बाहेर काढा. नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक-दोन बोटं बसली तर ठीक. मुठीएवढी जागा असेल तर तो बूट मोठा आहे. मग लायनर परत घालून, एकच पातळ मोजा घालून, सगळी बक्कलं लावून उभं राहायचं. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच वर उचलली जाता कामा नये. नवशिके बहुतेक वेळा मोठाच बूट घेतात, कारण दुकानात तोच आरामदायी वाटतो. आणि डोंगरावर तोच छळतो.

‘एकच पातळ मोजा’ हे मी मुद्दाम लिहिलंय. आपल्याकडे थंडी म्हटली की दोन मोजे. माझ्या आईने तर माझ्या मुलाला तीन घातले होते. घट्ट बुटात दोन मोजे घातले की त्यांना वळ्या पडतात, पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. वर फोड येतात ते निराळेच. गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा एक पातळ मोजा पुरतो. सुती नको, घाम धरून ठेवतो.

आता स्कीबद्दल, आणि हे नवऱ्याला वाचून दाखव. स्कीवर बूट ज्या खटक्यात अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर हा खटका योग्य वेळी सुटला पाहिजे, आणि पडायच्या आधी सुटता कामा नये. तो किती जोराने सुटावा हे माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो कसा स्की करतो यावरून ठरवतात. दुकानातले लोक त्या आकड्याला डिन म्हणतात. बुटाच्या टाचेजवळ बाहेरच्या बाजूला बारीक अक्षरात ३०५ किंवा ३१५ असा मिलिमीटरमधला आकडा कोरलेला सापडेल, ती तळाची लांबी. ऑनलाइन आलेल्या स्कीवर यातलं काहीच तुमच्यासाठी बसवलेलं नसतं. काही स्कीवर तर बाइंडिंग लावलेलंच नसतं, वेगळ्या खोक्यात येतं. हे घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, व्हिडिओ बघून करायचं काम नाही. प्रशिक्षित माणसाकडून बसवून, यंत्रावर तपासून घ्यावं लागतं. खटका सुटला नाही तर गुडघा जातो, आणि मग पुढचे सहा महिने घरात वेगळाच अबोला.

भाड्याच्या स्की घेतल्या की हे काम दुकानवाला तिथल्या तिथे करतो. आपला बूट समोर ठेवायचा, वजन खरं सांगायचं (इथे चार पाउंड चोरून फायदा नाही), तो आकडा लावून देतो. तुमच्या बुटांवर ग्रिपवॉक लिहिलं असेल तर तेही दाखवा. त्या बुटांचा तळ चालायला सोपा, थोडा वळणदार असतो, आणि प्रत्येक बाइंडिंगमध्ये तो बसत नाही.

म्हणून माझा निवाडा असा. मुलांच्या स्की आणि बूट दोन्ही परत करा. पोरांचे पाय भराभर वाढतात, पुढच्या मार्चला ते बूट शोभेचेच. इथे माझा घरचा नियम मुलांना लागू नाही. त्यांचे बूटही भाड्याचेच बरे. पावती काढून परत करायची मुदत बघ. ती उलटून गेली असेल तर कोऱ्या वस्तू ऑनलाइन विकायला टाक, मुलांचं सामान मोठ्यांच्या सामानापेक्षा लवकर खपतं. तुझ्या स्कीही परत. तुझे बूट वरच्या परीक्षेत पास झाले तर ठेव, नाहीतर तेही जाऊ देत. हेल्मेट, गॉगल, हातमोजे चौघांचे ठेवा. ते रोज लागतात, वाहून न्यायला हलके असतात, आणि दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट पोरांच्या डोक्यावर घालायला मलाही आवडत नाही.

आणि नवऱ्याच्या स्की? त्या जाऊ देत. व्यवहार म्हणून नव्हे, हौस म्हणून. तीन हिवाळे डोंगरावर घालवलेला माणूस मध्ये पोरंबाळं, घराचे हप्ते यांत अडकला आणि आता पहिल्यांदा स्वतःच्या स्की घेऊन बर्फावर निघालाय. हौसेला मोल नसतं असं आपण लग्नातल्या शालूबद्दल म्हणतो, ते याच्या स्कीलाही लागू आहे. अटी दोन: बाइंडिंग दुकानातून तपासून आणायचं, आणि ती बॅग दारापासून दारापर्यंत त्याने स्वतः ओढायची.

हे मी नुसतं भांडण मिटवायला म्हणत नाही. गाडीचं गणित कुणी केलंय का तुमच्याकडे? मोठ्या माणसाच्या दोन जोड्या मावतील अशी बॅग साधारण १९० सेंटीमीटर लांब असते. साध्या एसयूव्हीत ती आडवी बसत नाही, मागची सीट पाडून उभी सारावी लागते. एक सीट पडली की राहिल्या चार. तुम्ही पाच. सासूबाईंना टपावर बसवणार का? भाड्याच्या गाडीवर टपाचे दांडे असतीलच याचा भरवसा नसतो. चौघांच्या स्की न्यायच्या तर मिनीव्हॅनच लागेल. एकट्या नवऱ्याच्या स्की असल्या तर एका जोडीची निमुळती बॅग मधल्या फटीतून किंवा मुलांच्या पायाशी तिरकी सामावते. भाड्याची गाडी ठरवताना हे डोळ्यांसमोर ठेव. आणि टायरही विचारून घे. डेन्व्हरकडून डोंगरात जाणाऱ्या आय-७० रस्त्यावर मॉरिसन ते डॉट्सेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात बर्फाला चालतील असे टायर किंवा साखळ्या गाडीत असाव्या लागतात.

(गंमत म्हणजे ब्रेकेनरिजला जायला आय-७० जिथे सोडायचा, त्या गावाचं नाव फ्रिस्को. टेक्सासच्या फ्रिस्कोतून निघून कोलोरॅडोच्या फ्रिस्कोत उतरायचं. पोरांना आधी सांगू नकोस, पाटी दिसली की ओरडू देत.)

बॅगेचं विमानातलं गणित तसं सोपं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विमान कंपन्या स्कीची एक बॅग आणि बुटांची एक बॅग मिळून एकच नग धरतात, आणि लांबीसाठी जादा पैसे लावत नाहीत. वजन मात्र ५० पाउंडांच्या आत, म्हणजे २३ किलोंच्या आत लागतं, आणि दोन्ही बॅगांचं मिळून ५० धरणाऱ्या कंपन्याही आहेत. आपल्या तिकिटाच्या कंपनीचं पान एकदा नीट वाच. ‘स्कीची बॅग म्हणजे एक जास्तीची सुटकेस’ असं समजून लोक तिच्यात स्वेटरपासून शाम्पूपर्यंत सगळं कोंबतात. नियमात त्या दोन बॅगांत स्कीचंच सामान अपेक्षित आहे. जॅकेट आणि स्की पँट स्कीभोवती गुंडाळल्या तर सहसा कुणी काही म्हणत नाही, त्यांनी आतलं सामानही वाचतं. पण काउंटरवर बॅग उघडायला लावली आणि आतून चिवडा निघाला तर ते वेगळी बॅग धरू शकतात.

चिवड्यावरून आठवलं. एका वर्षी माझ्या आईने जागा वाया जाते म्हणून मुलाच्या रिकाम्या बुटात बेसनाच्या लाडवांची पिशवी सारली होती. मला पत्ता नाही. तिकडे पोचून बघते तर लाडवांचा भुगा, पिशवी फाटलेली, आणि लायनरच्या शिवणींत तूप. आठवडाभर त्या पोराच्या पायाला वेलचीचा वास येत होता. स्की स्कूलचा मास्तर दर सकाळी विचारायचा, कुकी कोण खातंय? तेव्हा सासूबाईंवर नजर ठेव. बुटात भरायचेच तर मोजे भर. आणि बुटांची बक्कलं हलकी लावूनच बॅगेत ठेवायचे. उघडे ठेवले तर वरच्या सामानाच्या दाबाने कवचाचा आकार बिघडतो.

नवऱ्याच्या स्की भरताना दोन्हींचे तळ एकमेकांना टेकवा, ब्रेकचे दांडे एकमेकांत अडकू द्या, आणि टोकाशी नि शेपटाशी एकेक वेल्क्रोचा पट्टा. कडा पोलादाच्या असतात, धारदार. टोकांना जुना टॉवेल गुंडाळला नाही तर त्या बॅगेलाच कापतात. पोल बाजूने, दोन्ही उलटसुलट. चिकटपट्टीने मात्र काहीही बांधू नका. सामान तपासणारे ही बॅग हमखास उघडतात, आणि चिकटपट्टी एकदा कापली की परत कोण लावतंय? सहज सुटेल आणि सहज बांधता येईल असंच भरा. कुलूप लावायचंच तर तपासणीवाल्यांची किल्ली चालणारं, नाहीतर ते तोडतात. बॅगेत आत एका कागदावर नाव, फोन आणि ब्रेकेनरिजच्या मुक्कामाचा पत्ता लिहून ठेवा, कारण बाहेरची चिठ्ठी फाटते. घरच्या वजनकाट्यावर आधी नवऱ्याला उभं कर, मग बॅग कवेत घेऊन उभं कर, आणि वजाबाकी कर.

डेन्व्हरला उतरल्यावर नेहमीच्या पट्ट्याशी वाट बघत बसू नका. लांब बॅगा मोठ्या सामानाच्या वेगळ्या जागी येतात. बॅग आली की तिथेच उघडून बघा. काही मोडलं असेल तर विमानतळ सोडायच्या आधी तक्रार लिहून द्यायची. घरी जाऊन फोन केला की काहीही सिद्ध होत नाही. बॅग आलीच नाही तरी लेखी तक्रार करूनच निघा. २०२४ पासून अमेरिकेत नियम आहे की देशांतर्गत प्रवासात चेक-इन केलेली बॅग विमान पोचल्यावर १२ तासांत हाती आली नाही तर तिच्यासाठी भरलेले पैसे परत मिळतात. पण त्यासाठी ती तक्रार नोंदवलेली असावी लागते. आमच्या वेळी हे नव्हतं.

म्हणून केबिनमध्ये काय असावं ते महत्त्वाचं. सगळ्या बॅगा हरवल्या तरी दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर जाता आलं पाहिजे, असं धरून भर. तुम्हा दोघांचे बूट. प्रत्येकाचं हेल्मेट, त्यात गॉगल, त्यात हातमोजे. मुलांचा आतला थर्मल आणि एक जोडी मोजे. मुलांची हेल्मेटं त्यांच्याच पाठीवरच्या सॅकला बाहेरून अडकव, पोरांना मिरवायला आवडतं. जाड जॅकेट अंगावर नाहीतर हातात. हात गरम ठेवायची बॅटरीवाली उपकरणं, पॉवर बँक हे सगळं केबिनमध्येच, चेक-इनमध्ये नाही. सनस्क्रीन १०० मिलिलीटरच्या आतलं, आणि ते विसरू नकोस. बर्फावरून उसळणारं ऊन टेक्सासच्या उन्हाला लाजवतं. आणि तिकीट तपास: सगळ्यात स्वस्त तिकिटात वरच्या कप्प्यातली बॅगच चालत नाही, अशाही कंपन्या आहेत. तसं असेल तर माझा सगळा सल्ला दारातच आडवा.

कपड्यांचं थोडक्यात सांगते, कारण हे तुला दुकानातही सांगतील. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट.

मुलांच्या स्की स्कूलचं आणि भाड्याच्या सामानाचं बुकिंग आत्ताच करून टाक. स्प्रिंग ब्रेकला अर्धं टेक्सास तिथे लोटतं. आयत्या वेळी दुकानात गेलं की दीड तास रांग, आणि रांगेत सात वर्षांची मुलगी! आदल्या संध्याकाळी जाऊन सामान घ्या, बऱ्याच दुकानांत चालतं. मुलांची पावलं सेंटीमीटरमध्ये मोजून ने: भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करायचं, लांब बोटाशी रेघ मारायची. स्कीच्या बुटांचं माप तेच असतं, २१.५ सेंटीमीटर पाऊल म्हणजे २१.५ नंबर. आणि बाबा शिकवतील हा विचार नवऱ्याच्या डोक्यात असेल तर काढून टाक. मी तीन घरांत बघितलंय, सगळीकडे दुपारपर्यंत बाप आणि लेक दोघेही रडकुंडीला.

आता सासूबाई. त्यांचं वय तू लिहिलं नाहीस. कपड्यांआधी उंचीचा विचार कर. कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फूट. डेन्व्हर शहरच जवळपास तेवढ्या उंचीवर, ५,२८० फुटांवर आहे. ब्रेकेनरिज ९,६०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेदोन पट, आणि वाटेतला आयझेनहॉवर बोगदा तर ११ हजार फुटांच्या वर. डॅलसहून सकाळी निघून संध्याकाळी तिथे पोचलं की धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं, झोप लागत नाही, भूक मरते. त्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नकोस. पाचपैकी पहिली रात्र डेन्व्हरला काढता आली तर काढा, मुलांनाही बरं पडेल. पाणी सारखं पीत राहायचं. दम लागायला लागला, बोलणं-चालणं अडखळलं, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. त्यांची औषधं केबिनमध्ये, त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये.

साडीवरून वाद घालू नकोस, हरशील. माझ्या सासूबाईंनीही सोडली नव्हती. साडीच्या आत लोकरीची लेगिंग आणि थर्मलचा ब्लाउज, साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर नेसलेली, वर घोट्यापर्यंतचा लांब कोट. सुती साडीचा काठ चिखलबर्फात भिजला की गोठून कडक होतो, म्हणून सिंथेटिक साडी बरी, झटकली की पाणी जातं. पैसे खर्च करायचेच तर बुटांवर कर: पाणी न शिरणारे, आत लोकर, तळाला खोल नक्षी. त्या वयात पडणं परवडत नाही. ब्रेकेनरिज गावातून डोंगराच्या पायथ्याला एक गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद पाळणा, जातो, तो फुकट आहे. त्यात बसून त्या वर येतील, आणि नात पहिल्यांदा घसरत येताना बघतील.

परतीचं लोक विसरतात. शेवटच्या दिवशी दुपारी लवकर थांबा. स्की कोरड्या फडक्याने पुसून, कडा खास पुसून भरा. ओल्या बॅगेत एक रात्र गेली तरी कडांवर तांबूस गंज येतो, आणि तुमच्या गराजची दमट हवा उरलंसुरलं बघून घेईल. बुटांचे लायनर बाहेर काढून रात्रभर वाळवा, नाहीतर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरा. घरी पोचलात की कितीही दमलेले असा, बॅग त्याच रात्री उघडायची. हे काम नवऱ्याचं. स्की त्याच्या आहेत.

राहता राहिला कुकर. चालतो, चेक-इनच्या बॅगेत टाक. आणि हो, न्याच. तेवढ्या उंचीवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात तुरीची डाळ दोन तास शिजवली तरी दाताखाली येते. भाड्याच्या घरात सगळी भांडी असतात, कुकर नसतो. झाकण वेगळं काढून टॉवेलात गुंडाळ, पोटात तांदळाची पिशवी बसते. शिट्टी मात्र सुटी करून स्वतःच्या पाकिटात ठेव. आमची एकदा शिकागोला ओट्यावरच राहिली होती.